आग्रहाचा ठेका

ज्वारीच्या भाकरीला की-बोर्डची गरज का पडावी, हा प्रश्न बुलढाणा जिल्ह्यात अजून कुणी जाहीरपणे विचारल्याचं ऐकिवात नाही. गरज पडते, एवढं मात्र सर्वांनी मान्य केलेलं आहे. जिल्हा कृषी महोत्सव घ्या, 'उमेद' किंवा 'माविम'च्या बचत गटांचं प्रदर्शन घ्या. मंडपाच्या दोन बाजूंना खाण्याचे स्टॉल आणि तिसऱ्या बाजूला मंच, ही रचना ठरलेली. स्टॉलवर चुलीवरची भाकरी, ठेचा, पिठलं, भरीत, गोळा-कढी, पाटोडीचा रस्सा, रोडगे आणि वांग्याची भाजी. मलकापूर-नांदुऱ्याकडच्या बाया आलेल्या असल्या तर कळण्याची भाकरी आणि खापरावरचे मांडे. मंचावर एक की-बोर्ड, एक ऑक्टोपॅड, एक ढोलकी आणि साथीचे ट्रॅक लॅपटॉपमध्ये भरून आणलेला एक गायक. वेळ दुपारी एकची, म्हणजे ज्या वेळेला वऱ्हाडातला शहाणा माणूस एक तर जेवतो नाही तर झोपतो. गात कुणीच नाही. इकडे तव्यावरून उतरलेली भाकरी विस्तवापाशी फुगायला उभी, तिकडे गायकाच्या गळ्यातला किशोरकुमार फुगायला उभा, आणि मधल्या मोकळ्या जागेत हातात कागदी प्लेट धरून गोंधळलेली जनता.

आयोजकांना कारण विचारलं तर उत्तर तयार असतं: गाण्याने गर्दी जमते. हे उत्तर प्रस्तावात लिहायला बरं आहे, पण पटत नाही. भूक लागलेल्या माणसाला दुपारी एक वाजता चुलीवरच्या भाकरीकडे न्यायला गाणं लागतं, असं म्हणणं हा भाकरीचा अपमान आहे. वास पुरेसा आहे. ठेच्यासाठी मिरची तेलात पडली की अर्ध्या मैदानाला ठसका लागतो. याहून मोठी जाहिरात कोणता की-बोर्ड करणार? माझं म्हणणं वेगळं आहे. खाद्यमहोत्सवात गाणं असतं, कारण तिथे यजमान नसतो. आपल्याकडे जेवण हे चुलीवर जेवढं शिजतं तेवढंच वाढणाऱ्याच्या तोंडात शिजतं. 'घ्या नं भाऊ, एकच तर हाये,' हे कुणी म्हटल्याशिवाय दुसरी भाकरी पानात पडत नाही आणि पडली तरी अंगी लागत नाही. महोत्सवात भाकरी आहे, ठेचा आहे, खाणारा आहे, पैसेही आहेत. फक्त आग्रह करणारं कुणी नाही. ती पोकळी मोठी आणि भयाण असते, आणि ती भरून काढायला साउंड सिस्टिम मागवावी लागते.

याला पुरावा काय, असं कुणी विचारेल. पुराव्यासाठी जिल्ह्याबाहेर जायचं कारण नाही. मेहकर तालुक्यात हिवरा आश्रम आहे. शुकदास महाराजांनी उभ्या केलेल्या तिथल्या विवेकानंद आश्रमात दरवर्षी विवेकानंद जयंतीचा उत्सव होतो आणि त्याची सांगता महापंगतीने होते. पदार्थ दोनच, पुरी आणि वांग्याची भाजी. लाखाच्या वर माणसं शेतात रांगा धरून बसतात आणि वाढप ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून होतं. पुरीचा आणि वांग्यांचा हिशेब क्विंटलात. आता कुठल्याही आयोजकाला हा आकडा सांगा. तो आधी विचारेल, 'ऑर्केस्ट्रा कोणता?' व्याख्यानं-कीर्तनं तिथेही असतात, पण ती आपापल्या वेळी. पंगत बसली की ऐकण्यासारखी गोष्ट एकच उरते, ती म्हणजे वाढप्यांची हाक. ट्रॅक्टर पुढे सरकतो, वरून पुऱ्या उतरतात, आणि तुम्ही मान हलवेपर्यंत पानात भाजीचा दुसरा डाव पडलेला असतो. ट्रॅक्टरला नकार ऐकू येत नाही. जगात एवढ्या अश्वशक्तीचा आग्रह दुसरीकडे कुठे होत असेल असं मला वाटत नाही. आणि जिथे आग्रह इतका भक्कम आहे तिथे की-बोर्ड कुणाला आठवत नाही, हे लक्षात घ्या.

शेगावची साक्ष तर आणखी जुनी आहे. गजानन महाराज लोकांच्या दृष्टीस पडले 23 फेब्रुवारी 1878 रोजी, आणि ते कसे? उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना. दासगणूंच्या ग्रंथामुळे हा प्रसंग घरोघरी ठाऊक आहे. भक्त त्यातून अध्यात्म घेतात, ते योग्यच आहे. मी फक्त त्यांना तसं पाहणाऱ्या बंकटलालांनी पहिल्यांदा काय केलं एवढं पाहतो. एकटा जेवणारा माणूस दिसल्याबरोबर त्यांनी विचारपूस केली आणि त्याच्यासाठी भरलेलं पान आणवलं. तत्त्वचर्चा नंतर. वऱ्हाडी माणसाची ही पहिली हालचाल आहे, ती विचारपूर्वक होत नाही. त्याच गावच्या कचोरीचा इतिहासही माझ्याच बाजूने बोलतो. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी शेगाव स्टेशनावर ही कचोरी नावारूपाला आणली. फलाटावर यजमान नसतो हे मान्य. पण तिथे आग्रहाचं काम गाडी करते. मुंबई-नागपूर मार्गावर गाडी शेगावला थांबणार मोजकी मिनिटं. गार्डाची शिट्टी होण्याआधी खिडकीतून हात बाहेर काढून घ्यायची तेवढी घ्या, पुढे मिळणार नाही. एवढ्या निकडीचा आग्रह मावशीलाही जमणार नाही. दोन कचोऱ्या घ्यायला उठलेला माणूस डझनभर घेऊन जागेवर परततो आणि तळलेल्या मिरच्या कागदात गुंडाळून घेतल्या नाहीत म्हणून अकोल्यापर्यंत हळहळतो. तिथे कुणी ढोलकी वाजवायला बसलं असतं तर उलट विक्री घटली असती.

उलट बाजूनेही तपासून पाहू. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेला घटमांडणी होते. शेतात घट आखतात, भोवती धान्यं मांडतात, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याने भरलेली घागर आणि घागरीवर पुरी, पापड, कुरडई, सांडई, करंजी, वडा, भजी. रात्रभर ते सगळं तसंच ठेवून दुसऱ्या दिवशी पहाटे त्यात काय हललं, काय सरकलं, यावरून पीकपाण्याचं आणि राजकारणाचं भाकीत सांगतात. पुरी म्हणजे पृथ्वी, करंजी म्हणजे देशाचा खजिना. भाकितावर विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्यांनी त्यावर बरंच म्हटलेलं आहे. माझ्या कामाची गोष्ट एवढीच की तिथे वऱ्हाडी फराळाचा अख्खा स्टॉल मांडलेला आहे, बघायला गर्दीही आहे, पण खाणारं कुणी नाही. म्हणून आग्रहाचा प्रश्न नाही, आणि म्हणून गाणंही नाही. अन्न असून खाणारा नसेल तर शांतता. अन्न, खाणारा आणि यजमान तिघेही असतील तरी गाण्यावाचून चालतं. अन्न आणि खाणारा आहेत पण यजमान बेपत्ता आहे, अशा ठिकाणीच किशोरकुमारला बोलावणं जातं. न्यायशास्त्रात याला काय म्हणतात ते पंडितांनी सांगावं.

यजमान नसल्याने माणसाचं नेमकं काय बिघडतं, हे जरा सावकाश पाहण्यासारखं आहे. घरच्या किंवा लग्नाच्या पंगतीत पहिला नकार हा नुसता शिष्टाचार असतो. तुम्ही पानावर हात आडवा धरता, वाढणारी हाताच्या फटीतून पोळी सरकवते, तुम्ही 'अरे अरे' म्हणता, ती 'कायले लाजता' म्हणते आणि प्रकरण मिटतं. दोन्ही पक्षांची अब्रू राहते. तुम्ही हावरट ठरत नाही, ती कंजूष ठरत नाही, पोळी पोटात जाते. दुसरा नकार थोडा खरा असतो, तिसरा खरा. रोडग्यांच्या जेवणात तर चौथ्या नकारालाही मान नाही. गोवऱ्यांच्या आरात भाजलेला रोडगा फोडून, त्यात तूप ओतून समोर आला की नकार देणाऱ्याचाच आवाज तुपात बुडतो. आता हाच माणूस महोत्सवातल्या स्टॉलपुढे उभा करा. एक भाकरी खाऊन झाली आहे. स्टॉलवरची ताई धंद्याच्या रीतीने विचारते, 'अजून देऊ का?' जन्मभराच्या सवयीने हा म्हणतो, 'नको नको.' आणि ती म्हणते, 'बरं.' बस्स, संपलं! ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलेली असते. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं म्हणणं जसंच्या तसं मान्य झालेलं असतं आणि त्या धक्क्याने तो तिथेच प्लेट धरून उभा राहतो. भूक अर्धी आहे, खिशात नोट आहे, पण आपणहून 'आणखी एक द्या' म्हणायचं म्हणजे चारचौघांत कबुली देणं की मला हवी आहे. शेजारी सोसायटीचे सचिव उभे आहेत, पलीकडे सुनेच्या माहेरचं कुणी आहे. ताईची यात काहीच चूक नाही. तिला परातीत किती पीठ उरलंय ते बघायचं आहे, सुट्टे पैसे बघायचे आहेत, गटाच्या अध्यक्षबाईंना संध्याकाळी हिशेब द्यायचा आहे. फुकट जेवायला घालणाऱ्याला आग्रह शोभतो. विकणाऱ्याने आग्रह केला तर त्याला लोक गळ्यात मारणं म्हणतात.

नेमकं इथे गाणं कामाला येतं. स्पीकर एवढा मोठा लावलेला असतो की स्टॉलपाशी बोललेलं कुणालाच ऐकू येत नाही. मग माणूस बोलायचं सोडून देतो आणि एक बोट वर करतो. बोट वर केल्याची कुणाला लाज वाटत नाही. शाळेत असल्यापासून सवय आहे. ताई बोट पाहते, भाकरी टाकते. ढोलकीचा तोडा संपायच्या आत व्यवहार पुरा. दुसऱ्यांदा दोन बोटं. सोसायटीचे सचिव मंचाकडे बघत ताल धरत आहेत, त्यांचंही एक बोट हळूच वर आहे. म्हणजे गाण्याने गर्दी जमत नाही, जमलेल्या गर्दीला आडोसा मिळतो. पंगतीत जे काम वाढणारीच्या जिभेने केलं ते इथे डेसिबलनी केलं. निवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे असं 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम सांगतात. पण 55 डेसिबलमध्ये तिसरी भाकरी मागायची कुणाची छाती होणार नाही, हे नियम करणाऱ्यांच्या ध्यानात आलेलं दिसत नाही.

आता आक्षेप. पहिला जत्रेचा. सैलानीची यात्रा आहे, देऊळगाव राजाच्या बालाजीची यात्रा आहे. तिथे पिढ्यान् पिढ्या खाणं आणि वाजवणं शेजारी नांदलं, मग महोत्सवालाच बोल का, असं म्हटलं जाईल. पण जत्रेत विकत काय मिळतं ते पाहा: रेवड्या, फुटाणे, गोडीशेव, जिलेबी. हा सगळा चालता-बोलता खायचा किंवा पुडीत बांधून घरी न्यायचा माल. तो घेताना 'पोरांसाठी' असं म्हणायची सोय असते आणि निम्मी पुडी वाटेतच संपली तरी पोरांचं नाव कायम राहतं. पिठलं-भाकरी कुणी पोरांसाठी म्हणून पुडीत नेत नाही. ते उभं राहून, स्वतःच्या नावावर, सर्वांसमोर खावं लागतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पंगतीतही श्लोक म्हणतात, म्हणजे जेवताना गाणं ही आपलीच रीत. खरं आहे. पण श्लोक म्हणणारा जेवणाऱ्यांपैकीच एक असतो, तो एकच म्हणतो, आणि त्याचा श्लोक संपेपर्यंत बाकीच्यांचा हात पानावर थांबलेला असतो. त्यात श्लोकाचा हेतू स्वच्छ आहे. सर्वांना वाढून होईपर्यंत वेळ काढायचा. वाढप लांबलं तर श्लोक लांबतात. मसालेभात आला की भक्ती आटोपते.

तिसरा आक्षेप विज्ञानाचा, आणि तो घेऊन येणारा माणूस बहुधा पुण्याहून आलेला असतो. तो सांगतो की गोंगाटात चव मरते. ब्रिटनमध्ये 2010 साली तसे प्रयोग झाले आहेत. हेडफोनमधून मोठा आवाज ऐकत खाणाऱ्यांना पदार्थ कमी गोड आणि कमी खारट लागले. मान्य. पण त्या निष्कर्षात गोड आहे, खारट आहे. तिखटाचं नाव नाही. वऱ्हाडी जेवण सुखरूप आहे. राहिलं मीठ. ज्या जिल्ह्यात लोणारसारखं खाऱ्या पाण्याचं अख्खं सरोवर उल्केने करून दिलेलं आहे, त्याने चिमूटभर मिठाची काळजी करू नये. मात्र एका बाबतीत मी विज्ञानापुढे नमतो. ऑक्सफर्डच्या चार्ल्स स्पेन्स यांनी सहकाऱ्यासह 2004 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला: बटाट्याचे वेफर्स चावताना खाणाऱ्याला स्वतःच्याच चावण्याचा आवाज मोठा करून ऐकवला, तर तोच वेफर त्याला जास्त कुरकुरीत वाटतो. पुढे 2008 साली त्यांना यासाठी इग नोबेल हे गमतीचं पारितोषिकही मिळालं. कुरकुरीतपणा दातांइतकाच कानांना कळतो, याचा सरळ अर्थ असा की शेगावची कचोरी आणि उडदाचा पापड हे पदार्थ स्पीकरसमोर उभं राहून खाऊ नयेत. ते मंडपाच्या प्रवेशद्वारापाशी, पार्किंगच्या बाजूला विकावेत. भरीत, पिठलं, कढी हा मूक वर्ग आहे. त्यांना मंचाजवळची जागा देता येईल. स्टॉलवाटप चिठ्ठ्या टाकून न करता पदार्थाच्या आवाजावरून करावं अशी माझी सूचना आहे, आणि ती बिनखर्चाची असल्याने मंजूर होणार नाही.

कुणी म्हणेल, एवढं सगळं मान्य केलं तर निदान गाणं तरी चांगलं ठेवा. इथे मला थोडं कठोर बोलावं लागतं. खाद्यमहोत्सवात चांगलं गाणं घातक असतं. याही मुद्द्याला जिल्ह्यातलाच आधार आहे. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशींनी 1930च्या दशकात गायली, तिची तबकडी निघाली आणि मराठी भावगीताची गोष्ट सांगताना आजही त्या तबकडीपाशी थांबावं लागतं. ते गाणं नीट गाणारं कुणी मंचावर उभं राहिलं तर काय होईल? घास हातातच राहील. ताई भाकरी थापायची थांबेल, तव्यावरची करपेल. तीन मिनिटं सगळा मंडप स्तब्ध, आणि ती तीन मिनिटं दुपारी सव्वाची, म्हणजे सोन्याच्या मोलाची. खंजिरीवरच्या भजनाचाही हाच धोका आहे, शिवाय ते ऐकून माणूस अल्पाहारी व्हायची शक्यता. सातपुड्याच्या पायथ्याचे आदिवासी कलाकार आले तर लोक प्लेट खाली ठेवून नाचायला जातात. महोत्सवाला हवा तो मध्यम प्रतीचा, ट्रॅकच्या अर्धी मात्रा मागे राहणारा, पण दम न सोडणारा गायक. त्याचं गाणं कुणी ऐकत नाही आणि ते बंद पडलेलं मात्र सर्वांच्या लक्षात येतं. अशा गायकांना विनाकारण नावं ठेवली जातात. बचत गटांच्या उलाढालीत त्यांचा वाटा कुणी मोजलेला नाही.

तरीही मंचावर एक माणूस असा असतो की ज्याच्यात खऱ्या यजमानाचं बीज आहे: निवेदक. दोन गाण्यांच्या मधल्या जागेत तो सर्वांची विचारपूस करतो. एम.एच. 28ची पांढरी गाडी गेटसमोरून काढा, चिखलीहून आलेल्या आजी मंचाजवळ बसल्या आहेत त्यांना न्यायला या, साहेबांचं आगमन थोड्याच वेळात होत आहे. साहेब पाहुणे म्हणून कबूल केलेल्या वेळेला येत नाहीत, पण तोवर निवेदक कुणाला उपाशी मरू देत नाही. त्याच्या हातात माइक आहे, आवाजात गोडी आहे, ओळखपाळख अफाट आहे. फक्त खुर्च्यांची तोंडं मंचाकडे आणि पाठ स्टॉलकडे असल्याने त्याचा आग्रह साहेबांवर वाया जातो. मंच फिरवून खुर्च्यांची तोंडं चुलीकडे केली आणि निवेदकाने स्टॉलपुढे रेंगाळणाऱ्यांना नावानिशी पुकारलं, 'पिठल्यापाशी उभे असलेले काका, एका भाकरीवर कुठं भागते? घ्या नं अजून एक!' तर की-बोर्डाचं भाडं वाचेल.

सरकारी रीतीने हे करायचं तर 'महोत्सवस्थळी आग्रह पुरवणे' या कामाची निविदा काढावी लागेल. अटी मी सुचवतो. पुरवठादाराने किमान पाच लग्नांत वाढप केलेलं असावं. पानावर आडवा धरलेला हात ओलांडण्याचा अनुभव असावा. पहिले तीन नकार ऐकू न येण्याबाबत स्वयंघोषणापत्र जोडावं. मावशी, आत्या आणि मोठी वहिनी या प्रवर्गांना प्राधान्य. अडचण एकच दिसते. निविदा नियमाप्रमाणे सर्वांत कमी दरवाल्यालाच जाणार, आणि कमी दराचा आग्रह कसा असतो ते ठाऊक आहे. तो माणूस साडेबाराला येईल, मंडपाच्या मधोमध उभा राहून सगळ्यांना मिळून एकदाच 'घ्या' म्हणेल, फोटो काढून बिल सादर करेल आणि पार्किंगपाशी कचोरी खात उभा राहील. पहिल्या वर्षी तरी की-बोर्डवाल्याला राखीव म्हणून सांगून ठेवलेलं बरं.